‘ग्रीनरी’ला नाव असतं!

तुमच्या फोनची गॅलरी उघडा आणि मागच्या जुलैपर्यंत स्क्रोल करत जा. काय काय दिसतं? वाफाळता चहा, कांदाभजी, बाइकच्या आरशावरचे थेंब, लोणावळ्याचा नाहीतर ताम्हिणीचा एखादा धबधबा आणि त्याच्यापुढे दात काढून उभा असलेला अख्खा ग्रुप. मागे सगळं हिरवंगार. खाली कॅप्शन, ‘ग्रीनरी’ आणि एक हिरवं हार्ट. आता त्या हिरव्यावर झूम करा आणि त्यातल्या एका तरी झाडाचं नाव सांगा बरं!

नाही ना जमत? बहुतेकांना नाही जमत. शाळेत आपण प्रकाशसंश्लेषणाची आकृती काढून पाच मार्क मिळवले, पण शाळेच्या गेटवर कोणतं झाड होतं, हे कुणी विचारलं नाही आणि आपल्यालाही विचारावंसं वाटलं नाही. मास कॉमच्या पहिल्या वर्षी आम्हाला फोटोओळ लिहायला शिकवतात. फोटोत कोण आहे, कुठे आहे, केव्हाचा फोटो आहे, एवढं तरी त्यात आलंच पाहिजे. माणसाचा फोटो नावाशिवाय छापायला दिला तर संपादक तो परत पाठवतो. झाडाचा फोटो मात्र ‘पावसाने बहरलेली वनराई’ एवढ्यावर खपून जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की या पावसाळ्यात फोटो कमी काढू नका, उलट भरपूर काढा. फक्त हिरव्या रंगाचे काढू नका, झाडांचे काढा. एकेका झाडाचे, नावानिशी. त्यासाठी धबधब्याच्या कड्यावर जाऊन जीव धोक्यात घालायची गरज नाही आणि लाखभराचा कॅमेराही नको. हातातला फोन आणि कॉलेजच्या रस्त्यावरचं एखादं झाड पुरतं.

पाऊस थांबल्यानंतरचा अर्धा तास

झाडं बघायची खरी वेळ म्हणजे सर थांबल्यावरचा पहिला अर्धा तास. याला कारणं आहेत. एकतर उन्हाळाभर पानांवर बसलेली धूळ धुऊन गेलेली असते. दुसरं म्हणजे आभाळ भरलेलं असलं की उजेड सगळीकडून सारखा येतो. स्टुडिओत दिव्यावर जे पांढरं कापड लावतात, ते काम इथे ढग फुकटात करतात. कडक उन्हात फोन गोंधळतो, कारण अर्धं पान पांढरंफट आणि अर्धं काळंकुट्ट दिसतं. ढगाळ उजेडात तोच फोन पानाची शीर न् शीर दाखवतो.

तिसरं कारण सगळ्यात भारी आहे. ओलं खोड गडद दिसतं. कोरड्या सालीच्या बारीक फटींमध्ये हवा असते, तिच्यामुळे उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि साल फिकट, राखाडी वाटते. त्या फटींत पाणी भरलं की विखुरणं कमी होतं आणि सालीचा मूळ रंग वर येतो. सालीवरचे ते राखाडी डाग असतात ना, ज्यांना मराठीत दगडफूल म्हणतात त्या कुळातले, तेही पावसात हिरवे होतात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. वरचा बुरशीचा थर भिजला की पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं शेवाळ दिसायला लागतं. म्हणजे पावसानंतर खोड ‘फ्रेश’ दिसतं ते फिल्टरशिवाय!

मग फिल्टर लावायचाच कशाला? आजकालचे फोन हिरवा रंग आधीच स्वतःच्या मनाने भडक करतात. वर आपण सॅच्युरेशन वाढवतो आणि कडुनिंबाचा पोपटी, करंजाचा चकचकीत आणि वडाचा काळपट हिरवा, तिन्ही एकाच डब्यातल्या रंगाचे होऊन जातात. ज्या फरकावरून झाड ओळखायचं, तोच आपण पुसून टाकतो.

बाकी तंत्र सोपं आहे. लेन्स आधी रुमालाने पुसा. पावसाळ्यातले निम्मे धुरकट फोटो ‘मूड’मुळे नाही, बोटांच्या ठशांमुळे धुरकट असतात. स्क्रीनवर झाडाच्या खोडावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस लॉक होतो. मग उजेड थोडा कमी करा, नाहीतर मागचं आभाळ पांढरं पडतं. ओल्या पानांवर चकाकी फार येत असेल तर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्सपुढे धरून हळूहळू फिरवा. एका कोनात ती चकाकी गायब होते आणि पानाचा खरा रंग दिसतो. पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवा. फोनला माणसाचे कान कळतात, आपट्याचं पान कळत नाही. तो पानांच्या कडा खाऊन टाकतो.

कुंडीतल्या वडाची शिकवणी

झाड बघायचं कसं, हे शिकायचं असेल तर माझा सल्ला जरा उलटा वाटेल. आधी एखादं बोन्साय गाठा. तुमच्या सोसायटीत कुणीतरी काका नाहीतर काकू असतातच, ज्यांच्या गच्चीवर दहा-बारा बोन्साय असतात. सर थांबल्यावर विचारून जा. फोटो काढायला आलोय म्हटलं की ते नाही म्हणणार नाहीत. उलट चहा पाजतील आणि प्रत्येक झाडाची जन्मकथा ऐकवतील. पुण्यात असाल तर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातही बोन्साय बघायला मिळतात, पण तिथे गर्दीत धक्के खात फोटो काढावे लागतात. गच्चीवरची निवांत संध्याकाळ वेगळीच.

बोन्सायमुळे नजर का तयार होते? कारण बोन्साय करणारा माणूस झाडाकडे जसा बघतो, तसं आपण कधीच बघत नाही. तो आधी बुंधा बघतो. मातीतून मुळं कशी फाकलीत, खोड वर जाताना कसं निमुळतं होतं, पहिली फांदी कुठल्या बाजूला निघते, फांद्यांच्या मधून उजेड कुठून येतो. झाडाची समोरची बाजू कोणती आणि पाठ कोणती, हेसुद्धा तो ठरवतो. फोटो काढताना फोन कुंडीच्या कडेच्या उंचीवर आणा. त्या झाडाखाली बोटभर उंचीचा माणूस उभा आहे आणि तो मान वर करून बघतोय, अशी कल्पना करा. मागे काळी छत्री उघडी धरा. दीड फुटाचा वड क्षणात पारावरचा वड दिसायला लागतो.

गंमत बघा, मोठेपणाचा हा भास फळं मोडतात. बोन्सायची पानं कापणी, ऊन आणि मुळांची मर्यादा यामुळे लहान होत जातात, पण फळं फारशी लहान होत नाहीत. त्यामुळे कुंडीतल्या हातभर उंबराला उंबरं लागली तर ती जवळपास नेहमीच्याच आकाराची असतात आणि फोटोतलं सोंग उघडं पडतं!

आणखी एक गोष्ट. बोन्साय म्हटलं की आपल्याला जपान आठवतो आणि ते बरोबरही आहे. चीनमधली कुंडीत झाडं वाढवायची कला जपानमध्ये गेली आणि तिथे तिचं बोन्साय झालं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक पाइन आहे. १६२५ पासून माणसांनी कुंडीत जपलेला. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो तिथेच, यामाकी कुटुंबाच्या अंगणात होता आणि वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट दिला गेला, पण तो हिरोशिमातून वाचलेला आहे हे तिथल्या लोकांना कळलं ते २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. पंचवीस वर्षं लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होते आणि त्याची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. फोटोला नाव आणि गोष्ट का हवी, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण आपल्याकडच्या गच्च्यांवर बोन्साय म्हणून जे असतं, ते बहुतेक वेळा अस्सल देशी असतं. वड, पिंपळ, उंबर. कित्येकदा ही रोपं जुन्या भिंतीच्या नाहीतर गटाराच्या फटीतून अलगद सोडवून आणलेली असतात. नर्सरीत गुबगुबीत मुळांचं ‘फायकस बोन्साय’ म्हणून चिनी कुंडीत जे विकतात, ते म्हणजे आपलं नांदरूक. सह्याद्रीत उगवणारं, रस्त्याकडेला सावली देणारं. कुंडीत असताना त्याची किंमत दीड हजार रुपये सांगतात आणि रस्त्यावर असताना ते ‘अडथळा’ असतं.

बिनकुंडीचं बोन्साय

इथे एक जण हमखास म्हणतो, ‘पण बोन्साय म्हणजे झाडाचा छळच ना?’ वाद जुना आहे आणि प्रामाणिकही आहे. संगमनेरजवळ पेमगिरीला काही एकरांवर पसरलेला वड बघितला की ट्रेमधला वड बघताना पोटात कालवतं, हे खरं. तरी मी बोन्साय करणाऱ्यांच्या बाजूने आहे. मुळं कापतात, पण किती आणि केव्हा कापायची, हे त्यांना माहीत असतं. तार गुंडाळतात, पण ती सालीत रुतायच्या आत काढतात. कुंडीला खाली भोकं असतात, माती बदलली जाते, रोज कुणीतरी पान उलटून कीड बघतं.

आता हाच हिशेब फुटपाथवरच्या झाडाला लावा. बुंध्याला चिकटून काँक्रीट नाहीतर पेव्हर ब्लॉक. केबलसाठी खणताना एका बाजूची मुळं साफ. विजेच्या तारांखालून जाताना अर्धा डोलारा छाटलेला. खोडाला क्लासच्या जाहिरातीचे खिळे आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत फांद्यांना आवळलेल्या दिव्यांच्या माळा, ज्या काढायला नंतर कुणी येत नाही. मुळं कापणं, फांद्या छाटणं, तार गुंडाळणं, थोडक्यात मातीत वाढवणं. हे बोन्सायच झालं की! फक्त बिनकुंडीचं आणि बिनमालकाचं. छळावर बोलायचंच असेल तर इथून सुरुवात करूया.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडाच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायचे आदेश दिले होते. तुमच्या कॉलेजबाहेरच्या झाडांभोवती एक मीटर मोकळी माती आहे का? उद्या लेक्चरला जाताना बघा. पाऊस थांबल्यावर तर ते आणखी स्पष्ट दिसतं. मोकळ्या मातीत पाणी जिरलेलं असतं, काँक्रीटवर ते झाडाला वळसा घालून गटारात गेलेलं असतं. हा फोटो काढा. दिसायला तो अजिबात सुंदर नसेल, पण फार कामाचा असेल.

सगळं हिरवं सारखं नसतं

दुसरा मुद्दा, देशी झाडांचा. पावसात टेकडी हिरवी झाली की आपल्याला वाटतं, वा, काय जंगल आहे! पुण्यातल्या वेताळ टेकडीवर त्या हिरव्यातला बराचसा भाग गिरिपुष्पाचा असतो. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. वनीकरणात लावलं, कारण ते झटपट वाढतं. शेतकरी त्याला उंदीरमारी म्हणतात. त्याच टेकडीवर मोई, सालई, मेडशिंगी, गणेर अशी इथली झाडंही आहेत, पण ती या गर्दीत शोधावी लागतात. रस्त्यावरचा गुलमोहर मादागास्करचा, कॉलेजांच्या आवारातला विशाल पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातला, टेकड्यांवरची सुबाभूळ मेक्सिकोकडची.

ही झाडं वाईट आहेत, ती तोडा, असं मी म्हणत नाहीये. पर्जन्यवृक्षाच्या सावलीत कित्येक पिढ्यांचे कट्टे वाढलेत आणि ते तोडायला सांगणाऱ्याला मीच आधी अडवीन. पण वड-पिंपळ-उंबर या मंडळींचं इथल्या पक्ष्यांशी, वटवाघळांशी, इवल्याशा कीटकांशी हजारो वर्षांचं नातं आहे. उंबराच्या आत त्याचं परागीभवन करणारा ठरावीक जातीचा चिलटाएवढा कीटक असतो. झाड त्याच्याशिवाय बी धरत नाही आणि तो झाडाशिवाय जगत नाही. असा जोडीदार परक्या झाडाला इथे मिळेलच असं नाही. नवीन झाड लावायची वेळ येते, तेव्हा हा फरक ठाऊक असायला हवा. आणि तो फोटो काढता काढता कळतो.

पावसाळ्यात तर हा खेळ फार सोपा होतो. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी का असते? सरीनंतर पान न्याहाळा, पाणी त्या शेपटीवरून थेंबाथेंबाने निथळून जाताना दिसेल. त्या लोंबत्या थेंबाच्या अगदी जवळ फोन न्या, थेंबात मागची इमारत उलटी दिसेल, कारण थेंब हाच एक भिंग असतो. उंबराची फळं थेट खोडाला लगडलेली असतात, वडाला पारंब्या असतात. जुलैच्या सुमाराला कदंबाचे पिवळट-केशरी लाडू लागतात आणि सागाच्या शेंड्यावर पांढरट फुलांचे तुरे येतात. दसऱ्याला ‘सोनं’ म्हणून कांचनाची पानं सर्रास विकली जातात. आत्ताच आपटा आणि कांचन दोन्हींच्या पानांचे फोटो शेजारी शेजारी काढून ठेवा. आपट्याचं पान छोटं आणि लांबीपेक्षा रुंद असतं, कांचनाचं चांगलं मोठं. म्हणजे ऑक्टोबरमध्ये कुणी फसवणार नाही. आणि खरं तर, दोन्हींपैकी कुठल्याच झाडाच्या फांद्या ओरबाडायची गरजही वाटणार नाही.

फोटोचा पुरावा होतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘फोटो काढून काय होणार?’ असं विचारणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला हे सांगा.

महाराष्ट्रात शहरांमधल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तोडण्याचा अर्ज आला की जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जा आहे. दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी, हेही त्याच कायद्यात आहे. पण झाड ‘धोकादायक’ आहे, ‘वाळलेलं’ आहे असं कागदावर लिहिलं गेलं आणि तुम्ही हरकत घ्यायला गेलात, तर तुमच्या हातात काय असतं? ‘आम्ही रोज बघतो, ते चांगलं आहे’ हे तोंडी वाक्य. त्याऐवजी गेल्या तीन महिन्यांचे, तारीख आणि ठिकाणासह, पालवी फुटलेल्या त्याच झाडाचे बारा फोटो असतील तर?

असा फोटो आणि बोन्सायचा फोटो यांत एक फरक लक्षात ठेवा. बोन्सायच्या फोटोत आपण माप लपवतो. पुराव्याच्या फोटोत माप दाखवायचं असतं. खोडाशेजारी मित्राला उभं करा. छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळून घेर मोजा आणि लिहून ठेवा. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक बुंध्याचा, एक पानाचा, एक सालीचा. अति रुंद कोनातून काढू नका, सरळ झाडही त्यात कललेलं दिसतं आणि ‘कललेलं’ म्हणजे लगेच ‘धोकादायक’. मूळ फोटो जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते.

याची दुसरी बाजूही आहे. दर पावसाळ्यात झाडं पडतात, माणसं जखमी होतात, जीवही जातात. झाडांवर प्रेम करणाऱ्यांनी याकडे काणाडोळा करून चालणार नाही. पावसानंतर खोडावर, बुंध्याशी फळीसारख्या कडक अळिंब्या उगवल्या असतील तर आतून लाकूड कुजत असण्याची ती खूण असते. ढोलीत पाणी साचलंय, खणकामात एका बाजूची मुळं तुटलीत, बुंध्याजवळची माती उचलली गेलीय, हे सगळं फोनला दिसतं. असा फोटो वेळेवर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे गेला तर एखादी फांदी छाटून झाडही वाचू शकतं आणि खालून जाणारा माणूसही.

नाव कळत नसेल तर आयनॅचरलिस्टवर फोटो टाका. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २००८ मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून हे सुरू झालं, आता जगभरचे जाणकार तिथे ओळख पटवायला मदत करतात. एकच झाड निवडून त्याची पालवी, फुलं, फळं दर आठवड्याला नोंदवायची असतील तर आपल्याकडचं सीझनवॉच आहे. ऋतू बदलतायत का, हे अशा नोंदींमधूनच कळणार आहे. मराठीत वाचायचं असेल तर श्री. द. महाजनांचं ‘देशी वृक्ष’ लायब्ररीत मिळतं का बघा.

एक सावधगिरी मात्र पाळाच. चंदनाचं झाड दिसलं तर त्याचं ठिकाण जगजाहीर करू नका. पुण्यात बंगल्यांच्या आवारातून, संस्थांच्या आवारातून चंदनाची झाडं रातोरात कापून नेल्याच्या बातम्या सतत येतात. आपली स्टोरी चोराचा नकाशा व्हायला नको. फोटो काढण्यासाठी फांद्या वाकवू नका, पानं तोडू नका, घरट्याच्या जवळ फ्लॅश मारू नका, हे वेगळं सांगायला नकोच.

तर मग या आठवड्याचा गृहपाठ. घर ते कॉलेज या रस्त्यावरचं एक झाड निवडा. शक्यतो देशी, शक्यतो म्हातारं. सर थांबली की त्याचे चार फोटो काढा आणि त्याचं नाव शोधून काढा. ग्रुपवर टाकताना ‘ग्रीनरी’ लिहू नका. लिहा, ‘करंज, बसस्टॉपसमोर, घेर सात फूट, बुंध्याला पेव्हर ब्लॉक, पालवी उत्तम.’ लाइक कदाचित कमी येतील. पण उद्या त्या झाडावर नोटीस लागली, तर शहरात निदान एक जण असेल जो म्हणू शकेल, थांबा, मी या झाडाला ओळखतो.